लोपिनोत काय काय पाहिलंस?

आमच्या ह्यांचं उभं आयुष्य धरणांवर गेलं. त्यामुळे घराबाहेर पडायचं, मग ते कोथिंबीर आणायला असो की परदेशी, तर आधी आराखडा झाला पाहिजे असा त्यांचा दंडक. भाचीकडे त्रिनिदादला मी एकटीच निघाले, कारण ह्यांचा गुडघा एवढा वेळ विमानात बसायला राजी नव्हता. पण गुडघा घरी राहिला तरी आराखडा माझ्याबरोबर आला. चौकटीच्या वहीचं एक पान घडी करून त्यांनी माझ्या पर्समध्ये सरकवलं होतं. त्यावर दिवसांचे रकाने. गुरुवारच्या रकान्यात लिहिलं होतं: 'लोपिनो दरी. ८.३० प्रस्थान. ९.३० जुना वाडा. १०.१५ गुहा. ११.०० नदी. ११.३० परत.' आणि खाली दुहेरी रेघ मारून, 'निरीक्षणे टिपणे.'

तसा त्रिनिदादशी आमच्या घराचा संबंध जुना, १९७१ सालचा. त्या मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनला वाडेकरांच्या भारतीय संघाने वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवलं. सरदेसायांनी शतक काढलं आणि गावसकर नावाच्या एकवीस वर्षांच्या मुलाने पहिल्याच कसोटीत ६५ आणि नाबाद ६७ केल्या. एप्रिलमध्ये त्याच मैदानावर त्याने ठणकणारी दाढ घेऊन १२४ आणि २२० केल्या. पुढे लॉर्ड रिलेटर नावाच्या तिथल्या गायकाने त्याच्यावर कॅलिप्सोच रचला. हे सगळं मला इतकं तोंडपाठ असण्याचं कारण म्हणजे लग्न होऊन मी आले तेव्हा कपाटातला जो खण माझ्या साड्यांसाठी म्हणून सांगितला होता, त्यात ह्या सगळ्याची कात्रणं भरलेली होती. ती अजून तिथेच आहेत. त्रिनिदाद म्हणजे माझ्या लेखी माझ्या साड्यांच्या जागेवर बसलेला देश. त्याच मैदानाच्या, क्वीन्स पार्क ओव्हलच्या, फाटकाशी उभं राहून काढलेला फोटो मी पहिल्याच दिवशी ह्यांना धाडून दिला होता. त्यामुळे कर्तव्य झालं होतं, आणि उरलेला देश बघायला मी मोकळी होते.

आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी घडली होती, तीही सांगून टाकते. संध्याकाळी सातच्या सुमारास दारावर टकटक झाली. उघडलं तर एक वयस्क गृहस्थ, हातात झाकलेली थाळी. ते हसून म्हणाले, "गुड नाइट." मला वाटलं चुकून आलेले दिसतात, निघाले बिचारे. मीही तितक्याच अगत्याने "गुड नाइट" म्हटलं आणि दार लावून घेतलं. भाची न्हाणीघरातून बाहेर येईपर्यंत ते शेजारी नाताळचा केक हातात धरून पायरीवर उभे होते. त्या देशात अंधार पडल्यावर भेटणारा माणूस 'गुड नाइट' म्हणतो ते निरोपाचं नव्हे, आल्याचं. म्हणजे आपलं 'आहात का घरात?' मी तीन वेळा माफी मागितली. त्यांनी तिन्ही वेळा "गुड नाइट, गुड नाइट" म्हटलं आणि मला अजूनच कळेना.

तर गुरुवारी ८.३० चं प्रस्थान ९.२० ला झालं. भाची कोकोवर संशोधन करते. झाडांना घाई नसते, तशी तिलाही आता राहिलेली नाही. तिच्या सेंट ऑगस्टिनहून पूर्वेकडे जाणारा हमरस्ता धरला की काही मैलांवर अरूका लागतं आणि तिथून डावीकडे उत्तरेच्या डोंगरात शिरायचं. पण अरूकालाच एका टपरीपाशी तिने गाडी थांबवली. "मावशी, उतर. तुला एक ओळखीचं माणूस दाखवते."

ओळखीचं म्हणजे टपरीवरच्या परातीत पडलेल्या, डाळीच्या पिठात गुंडाळून तळलेल्या हिरव्या वड्या. बाई म्हणाली, "सहीना." मी म्हटलं, "अळूवडी!" ती म्हणाली, "दशीनची पानं." दशीन म्हणजे अळूच. दोघीही आपापल्या जागी बरोबर होतो. चिंचगुळाचा हात तेवढा नव्हता. मग तिने मला लाडाने "डूडू" म्हणून हाक मारली (फ्रेंचमध्ये डू म्हणजे गोड, असं भाचीने कानात सांगितलं), एक बरणी उचलली आणि विचारलं, "मदर-इन-लॉ घालू?" कारली, गाजर आणि जहाल मिरची बारीक चिरून केलेलं ते तोंडीलावणं. त्याचं त्या बेटावरचं नाव खरोखरच सासू. चव बघितल्यावर नाव कुणी ठेवलं असेल याविषयी शंका उरत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच सासू नको म्हणायची मुभा मिळाली होती. पण सवय वाईट. मी म्हटलं, "चालेल."

नाकाडोळ्यांतून पाणी वाहत असताना मागून एका पोरीने हाक मारली, "आजी!" मी वळून "काय गं?" म्हणाले. ती टपरीवालीला हाक मारत होती, बापाच्या आईला. १८४५ साली 'फतेल रझाक' जहाजातून पहिले मजूर तिथे उतरले तेव्हापासून सत्तर-एक वर्षं माणसं जात राहिली, बहुतेक भोजपुरी मुलखातली, कलकत्त्याच्या बंदरातून. भाषा हळूहळू गेली. इंग्रजी आलं. आजा आणि आजी मात्र राहिले, नाना-नानी राहिले, भाजी राहिली. त्या पोरीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. मग तिची आजी हसली आणि मला आणखी एक वडी फुकट मिळाली. सासूशिवाय.

पुढचा रस्ता म्हणजे एका वेळी एकच गाडी आणि दोन बाजूंचा हिरवा काळोख. प्रत्येक वळणावर भाची भोंगा वाजवायची, पलीकडून कुणीतरी उलट वाजवायचं, मग दोघांपैकी अधिक सभ्य असेल तो मागे जायचा. उंचीच्या हिशेबाने ही डोंगररांग काही फार नाही. तिचं सगळ्यात उंच शिखर ९४० मीटर, कळसूबाईपुढे वाकून नमस्कार करेल एवढं. पण कळसूबाई वर्षातून चार महिने हिरवी असते. इथे डोंगरांना दुसरा रंग माहीत नाही. बांबू रस्त्यावर कमान धरून उभे, तारांवरसुद्धा शेवाळ आणि इवल्या वनस्पती रुजलेल्या. आमच्या सोसायटीत तारेवर फक्त पतंग रुजतात.

दरी उघडली आणि भाची म्हणाली, "आलं लोपिनो." मी विचारलं, "कुठे?" कारण गाव म्हणून जे काही डोळे शोधत होते, म्हणजे चौक, बाजार, निदान एखादा नेत्याच्या वाढदिवसाचा फलक, त्यातलं काही नव्हतं. थोडी घरं, एक चर्च, एक शाळा, हिरवळीचं मोठं मैदान, पलीकडे खळखळणारी नदी. मैदानात समानची विशाल झाडं छत्री उघडून उभी. त्यांना पाहून मात्र मला एकदम घरच्यासारखं वाटलं. मुंबईच्या कितीतरी रस्त्यांवर सावली धरणारा, पावसाळ्यात महापालिकेची झोप उडवणारा पर्जन्यवृक्ष तो हाच. मी भाचीला म्हटलं, "बघ, आपलं झाड इथेसुद्धा लावलंय." ती म्हणाली, "मावशी, उलट. हे इकडचं आहे, दक्षिण अमेरिकेच्या या टोकाचं. आपण नेलंय." मग तिने पेरू, चिकू, काजू, पपई, अननस एकेक करून सगळे अमेरिकेच्या नावावर लावून दिले. शेवटी आंबा आपण दिलाय एवढं ऐकलं तेव्हा मी जरा ताठ बसले.

वाडा पाहिला. म्हणजे पाहिलाच म्हणायचा. बाहेर राखणदार खुर्चीत बसले होते. आम्ही काही बोलायच्या आत त्यांनी "गुड मॉर्निंग" म्हटलं आणि आम्ही तितक्याच ठसक्यात परत म्हणेपर्यंत थांबले. या देशात गुड मॉर्निंग केल्याशिवाय पुढचं वाक्य सुरू होत नाही. भाड्याच्या गाडीत चढणारा अनोळखी माणूससुद्धा आधी सगळ्यांना गुड मॉर्निंग करतो, मग बसतो. डोंबिवली लोकलमध्ये हे केलं तर लोक खिसा चाचपतील.

वाडा शार्ल जोझेफ लोपिनो नावाच्या फ्रेंच काउंटचा. हैतीतली त्याची इस्टेट तिथल्या गुलामांच्या उठावाने गेली, मग फिरत फिरत तो त्रिनिदादला आला आणि १८०६ मध्ये या दरीत शिरला. सोबत सुमारे १०० गुलाम. कोको लावला आणि मळ्याला नाव दिलं 'ला रकोनेसाँस', म्हणजे कृतज्ञता. कुणाची कुणाला, ते नावात येत नाही. जंगल तोडलं शंभर जणांनी, कोको रुजवला शंभर जणांनी, आणि दरीला नाव लागलं एकाचं. १८१९ मध्ये तो इथेच वारला, आणि वादळी रात्री पांढऱ्या घोड्यावरून दौडताना दिसतो म्हणतात. मी राखणदारांना विचारलं, तुम्ही पाहिलंय? ते म्हणाले, "वादळात मी घरी असतो, मॅडम." हे उत्तर मला फार आवडलं. भूत आहे की नाही हा प्रश्नच त्यांनी निकालात काढला होता. माझ्या मनात मात्र आलं की घोड्यावरून कुणी फिरायचंच असेल तर ते बाकीच्या शंभरांनी फिरावं. बिचाऱ्यांना जिवंतपणी कुठे मिळाला असेल घोडा.

गुहा पाहिल्या नाहीत. आत वटवाघळं असतात असं कळलं.

कोको मात्र भाचीने दाखवलाच, आणि इथे ती जी सुटली ती आवरेना. झाड आपल्या जांभळीएवढंही नाही, सावलीत वाढणारं. फळं फणसासारखी थेट खोडाला लटकलेली, पिवळी, शेंदरी, काही चक्क वांग्याच्या रंगाची. एक फळ तिने दगडावर आपटून फोडलं. आत बियांना पांढराशुभ्र गर, सीताफळाच्या गरासारखा, पण किंचित आंबूस. तो चोखायचा आणि बी थुंकायची. मी बी चावली. जांभळी, कडूजहर. हिला चॉकलेट व्हायचं तर आधी लाकडी खोक्यांत पानांखाली आठवडाभर आंबायचं, घाम गाळायचा (खोक्याचं नावच घामपेटी), मग उन्हात वाळायचं. वाळवायच्या माडीचं छप्पर चाकांवर असतं. पाऊस आला की छप्परच ढकलून पुढे आणायचं. पापड घेऊन गच्चीवरून धावणाऱ्या आमच्या पिढीला हे आधी का नाही कुणी सांगितलं? आणि पूर्वी शेवटी बिया चकचकीत व्हाव्यात म्हणून त्यांच्यावर अनवाणी नाचायचे. गाणी म्हणत, गोल गोल फिरत. "मावशी, नंतर भाजतात त्या," भाची घाईघाईने म्हणाली. मी काही बोलले नव्हते. नुसतं माझ्या हातातल्या चॉकलेटच्या वडीकडे पाहिलं होतं.

मला त्यातली एक हकीकत फार मजेची वाटली. या बेटावर स्पॅनिश लोकांनी आणलेला नाजूक, सुवासिक कोको होता. १७२७ साली काहीतरी अरिष्ट आलं आणि तो जवळजवळ सगळा मेला. तीसएक वर्षांनी समोरच्या मुख्य भूमीवरून दणकट पण रांगड्या जातीची रोपं आणून लावली. मागे राहिलेल्या चार-दोन जुन्या झाडांशी त्यांचं जमलं, आणि जी संतती झाली ती आईच्या वासाची आणि बापाच्या हाडाची. तिलाच आज जगभर 'ट्रिनिटारिओ' म्हणतात. कुणी जुळवलेलं नव्हतं. पत्रिका पाहिली नव्हती. पुढे १९२० नंतर भाव कोसळले, १९२८ मध्ये 'चेटकिणीचा झाडू' नावाचा रोग आला आणि कोकोचं राज्य बुडालं ते बुडालंच. मळेवाले गेले, मळे रानात मिसळले. म्हणून आज ही दरी अशी हिरवीगार. धंदा चालला असता तर इथे एव्हाना काय काय उभं राहिलं असतं, याची कल्पना डोंबिवलीच्या माणसाला करावी लागत नाही.

कोकोला सावली हवी म्हणून मळ्यात उंच झाडं लावलेली असतात. त्यांना स्पॅनिशमध्ये 'कोकोची आई' म्हणतात. मी वर पाहिलं. जानेवारीचा पहिलाच आठवडा, फांद्या निष्पर्ण होऊ लागलेल्या आणि शेंड्यांवर शेंदरी पोपटचोची फुलं. "अगं, हा तर पांगारा!" आजोळी पानमळ्यात वेलींना आधार म्हणून पांगारा असायचा. तेव्हा त्याला आई-बिई कुणी म्हटलं नाही, नुसताच राबवला. तो आणि ही कोकोची आई एकाच कुळातली, सख्खी नाही तरी मावसभावंडं. तिच्या फांद्यांवरून हातभर लांब घरटी लोंबत होती, सुगरणीच्या खोप्यासारखी, पण सुगरण कावळ्याएवढी झाली तर जेवढी होतील तेवढी. खाली एक पिवळ्या पोटाचा पक्षी एकसारखा ओरडत होता. भाचीने सांगितलं, हा किस्कडी. त्याचं ओरडणं फ्रेंच लोकांना 'केस किल दी?' असं ऐकू आलं, म्हणून हे नाव पडलं. म्हणजे 'तो काय म्हणतोय?' कोण म्हणतंय, कुणाला म्हणतंय, पत्ता नाही. नुसतं दिवसभर, काय म्हणतोय? काय म्हणतोय? आमच्या चाळीत असा एक पक्षी पहिल्या मजल्यावर राहायचा.

बरोबर बारा वाजता फोन वाजला. तिकडे रात्रीचे साडेनऊ, ह्यांची जेवणं उरकून बडीशेप चघळण्याची वेळ.

"अगं, परत पोचलीस का?"

"अहो, अजून इथेच आहे."

"साडेअकराला परत होतं." कागद पाहत असल्याचा आवाज आला. दुसरी प्रत घरी होती तर. "बरं, काय काय पाहिलंस?"

मी जरा विचार केला. अळूवडी, पर्जन्यवृक्ष, पांगारा. "आपल्याकडचंच सगळं," मी म्हटलं. हे उत्तर त्यांना पसंत पडलं नाही. तेव्हा काहीतरी त्यांच्या विषयातलं द्यावं म्हणून मी राखणदारांकडून ऐकलेली धरणाची गोष्ट सांगितली. शेजारची दरी कॉरा. १९४० नंतरच्या दशकात इंग्रज सरकारने तिथे धरण बांधायचं ठरवलं. अख्ख्या दरीतली माणसं उठवली, पिढ्यान्‌पिढ्यांचे कोकोचे मळे, घरं, सगळं सोडायला लावलं. त्यातली बरीच इकडे लोपिनोत येऊन वसली. आजचं हे गाव बरंचसं त्यांचंच.

"आणि धरण किती उंचीचं आहे?" ह्यांचा आवाज उजळला.

"धरण झालंच नाही."

"म्हणजे?"

"रहित केलं. माणसं उठवली आणि मग रहित केलं."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटलं फोन तुटला. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या गावांच्या गोष्टी आम्ही दोघांनी पुष्कळ ऐकल्या आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येणारे देवळाचे कळस पाहिलेत, आणि ते पाहायला आलेले म्हातारेही. ह्यांनी त्या विषयावर घरात कधी फारसं बोलणं केलं नाही. "मग पाणी कुठेय?" शेवटी त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नदीत. लोक रविवारी तिथे डबे घेऊन जातात, डुंबतात." "हं," ते म्हणाले. मग म्हणाले, "सर्वेक्षण नीट केलं नसणार." आणि मग, अगदी हळू, "बाकी दरी छान आहे ना?"

दुपारी आम्ही नदीवर गेलो. भाचीच्या ओळखीची मंडळी आधीच जमली होती. दगडांची चूल, तिच्यावर एवढं मोठं काळं पातेलं, त्यात मसाल्यात रटरटणारं बदक, माझ्यासाठी वेगळ्या भांड्यात वाल आणि भोपळा. मी विचारलं, "काय आहे आज?" म्हणजे वाढदिवस, नवस, काहीतरी. भाची म्हणाली, "काही नाही. लाइम."

लाइम म्हणजे लिंबू नव्हे. लाइम म्हणजे काहीही न करता, कशासाठीही नाही, किती वेळ तेही न ठरवता चार माणसांनी एकत्र असणं. नदीवरचं असेल तर नदीचं लाइम, रस्त्याच्या कडेचं असेल तर कडेचं. 'काय करताय?' विचारलं तर 'लाइमतोय' हे पूर्ण उत्तर. मी म्हटलं, आमच्याकडे पार असतो, कट्टा असतो. पण बोलता बोलता माझ्याच लक्षात आलं की आमच्या पारावर निदान देशाचा कारभार तरी चालतो आणि कट्ट्यावर कुणाच्या तरी मुलाचं लग्न. बायकांचं तर विचारूच नका. आमच्या लहानपणी आई-काकू दुपारी गप्पा मारायला बसायच्या, पण पुढ्यात तांदळाचं ताट घेऊन. निवडण्यासारखे खडे संपले तरी ताट मांडीवरून उतरत नसे, म्हणजे कुणी पाहिलं तर 'बसलेय' दिसायला नको.

मी खूप प्रयत्न केला. दगडावर बसले, पाय पाण्यात सोडले. पाणी बर्फासारखं. पाच मिनिटं छान गेली. मग मी विचारलं, "कांदा चिरून देऊ का?" नको म्हणाले. "ताटं?" ताटं नंतर. "जेवण कधी होईल?" पातेल्यापाशी उभा असलेला दांडगा गृहस्थ म्हणाला, "जस्ट नाऊ." मी पदर सावरून तयार. भाची म्हणाली, "मावशी, बस. जस्ट नाऊ म्हणजे आत्ता नाही." म्हणजे कधी? म्हणजे कधीतरी, पण आजच बहुधा. मला क्षणभर राग आला. मग आठवलं की आमचा मुलगा "आलोच" म्हणतो तेव्हा तो आंघोळीलाही गेलेला नसतो. एवढ्याशा शब्दाने मला त्या माणसाबद्दल एकदम जवळीक वाटली.

कुणीतरी हातात लालभडक सरबत दिलं. आंबटगोड, लवंग-दालचिनीचा वास. नाताळात घरोघरी करतात, नाव सॉरेल. मी एक घोट घेतला, दुसरा घेतला. या चवीशी माझं काहीतरी नातं होतं, नाव ओठांवर येईना. मग एका बाईने पिशवीतून मूठभर लाल मांसल बोंडं काढून दाखवली, आणि मी उभीच राहिले. अंबाडी! आजी बोंडांची चटणी करायची, पाल्याची भाजी भाकरीबरोबर, वरून लसणाची फोडणी. मी हे सगळं त्या बाईला मराठी-इंग्रजीत हातवारे करून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पानं खाता? आम्ही पानं टाकून देतो." मग मी पाल्याची भाजी सांगितली. तिने पेयाची कृती सांगितली. बोंडं उकळायची, रात्रभर ठेवायची, आलं ठेचून. तास कसा गेला कळलं नाही. नंतर भाची म्हणाली, "जमलं की तुला." "काय?" "लाइम." मी म्हटलं, "छे, मी तर पाककृती घेत होते." मांडीवर तांदळाचं ताट होतं माझ्या, फक्त अंबाडीचं.

जेवण झालं तेव्हा चार वाजले होते. ऊन डोंगरामागे गेलं की दरीत संध्याकाळ लवकर शिरते, नदीवरून गारवा चढतो. एका आजोबांनी वाळवलेल्या कोकोच्या बिया ओंजळभर आणून दिल्या, घरी भाजून बघा म्हणाले. बांधायला काही मिळेना. मी पर्समध्ये हात घातला आणि ह्यांचं चौकटीचं पान निघालं. त्याची मी छान किराणा दुकानातल्यासारखी पुडी केली. गुरुवारचा रकाना बाहेरच्या बाजूला आला. '११.३० परत' यावर एक बी टेकून बसली होती.

मग मी निघायला सुरुवात केली. आपल्याकडे निघायला अर्धा तास लागतोच. बसल्या जागेवरून एकदा, उभं राहून एकदा, गाडीपाशी एकदा. इथेही तसंच होतं, फक्त मध्ये मध्ये लोक परत बसत होते. सहा वाजून गेले, अंधार झाला, बेडूक सुरू झाले. गाडीचं दार उघडून मी एक पाय आत टाकला होता, एवढ्यात वरच्या रस्त्याने पाच-सहा जण येताना दिसले. एकाच्या हातात चार तारांचं छोटं वाद्य, एकाकडे खुळखुळे, दोघांनी मिळून एक मोठं खोकं उचललेलं. भाची कुजबुजली, "परांग."

परांग म्हणजे नाताळची स्पॅनिश गाणी. या गावाची त्यासाठी ख्याती आहे. पणजोबा-खापरपणजोबा व्हेनेझुएलाहून कोकोच्या मळ्यांत कामाला आले, त्यांनी आणलेली. सहा जानेवारीपर्यंत, तीन राजांच्या सणापर्यंत, ही मंडळी घरोघर गात फिरतात. दार उघडायचं गाणं वेगळं, निरोपाचं वेगळं. घरात मात्र सगळे इंग्रजी बोलतात, स्पॅनिश गाण्यापुरतीच उरली आहे. मी अंबाडीवाल्या बाईला विचारलं, शब्दांचा अर्थ कळतो? ती म्हणाली, "थोडा. आजीला कळायचा." मला आमची आरती आठवली. 'घालीन लोटांगण' संपून मंत्रपुष्पांजली सुरू झाली की आमच्या सोसायटीतले पन्नास आवाज असे काही चढतात की अर्थ बापडा जिन्यातच उभा राहतो. चुकलेलं अक्षरसुद्धा सगळ्यांचं एकदम चुकतं, एका सुरात.

पुढे चालत असलेला म्हातारा आमच्या गाडीपाशी थांबला. काखेत वाद्य, डोक्यावर गवती टोपी. त्याने माझ्याकडे पाहिलं, गाडीच्या उघड्या दाराकडे पाहिलं, टोपीला हात लावला आणि म्हणाला, "गुड नाइट."

मी पाय गाडीतून बाहेर काढला, दार लावलं. "गुड नाइट," मी म्हणाले. "या, बसा."